शून्याच्या खाली

नऊच्या नऊ दिवे हिरवे होते.

शाल्मली घाटबांधे निरीक्षण कक्षाच्या भिंतीसमोर उभी होती आणि ते दिवे तिला मुळीच आवडले नव्हते. पाहुणे यायच्या आधी खेळणी उचलून, उशा ठोकून, चादरी ताणून ठेवलेलं घर असावं, आणि इथे लहान मूल राहतं यावर विश्वासच बसू नये, तसं तिला त्या भिंतीकडे बघून वाटत होतं.

"चौदा महिन्यांत सगळ्यात वर गेलेला आकडा चार," उद्यानाचे संचालक डॉ. प्रद्युम्न अलोणे तिच्या मागून म्हणाले. "चार, मॅडम. माझ्या गुडघ्याचा रोजचा आकडा याच्यापेक्षा जास्त येईल."

"तुमच्या गुडघ्याला परवान्याची गरज नाही, सर."

अलोणे हसले. हसणं मोकळं होतं, म्हणून तिला तेही खटकलं.

सोनझरीचं हे उद्यान विदर्भाच्या पूर्व कोपऱ्यात, तलावांच्या मुलखात होतं. इथे सिंघ्र जन्माला घातले जात. बाप सिंह आणि आई वाघीण, अशी ती पैदास. सध्या नऊ जनावरं होती. उद्यानाला आणखी चाळीस हवी होती, आणि ती जन्मावीत की नाही हे ठरवायला बंदिस्त वन्यजीव मंडळाने शाल्मलीला पाठवलं होतं. आज सोमवार. गुरुवारी तिने सही करायची किंवा नाकारायची.

मंडळाने तिलाच पाठवावं याला कारण होतं. भिंतीवरच्या दिव्यांमागे जे यंत्र होतं ते तिनेच बांधलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढा वेदनालेखक जनावराच्या जन्माच्या दिवशी, आणि आधीच जन्मलेल्यांना मोठेपणी, कानामागे कातडीखाली सरकवून देत. मज्जातंतूंमधून मेंदूकडे जाणारे दुखण्याचे संदेश आणि रक्तातली ताणाची रसायनं तो वाचायचा, आणि दर दहा मिनिटांनी एक आकडा पाठवायचा. तो वेदनांक. शून्य म्हणजे काही दुखत नाही, शंभर म्हणजे सहन होत नाही. सलग तीन दिवस पंचवीसच्या वर गेला तर दिवा लाल, आणि त्या जातीची पैदास बंद. कायदा तेवढा साधा होता. तीन वर्षांत देशातल्या बंदिस्त जनावरांपैकी दोन हजारांच्या कानामागे तिचा दाणा बसला होता.

"मला जनावरं बघायची आहेत," ती म्हणाली. "दिवे नकोत."

वाटेत अलोण्यांनी तिला सिंघ्रांच्या आकाराचं गणित सांगितलं. ते तिला ठाऊक होतं, पण माणूस आपल्या कामाबद्दल कसा बोलतो त्यावरून पुष्कळ कळतं, म्हणून तिने सांगू दिलं.

"सिंहिणीच्या एकाच वेतात दोन वेगळ्या सिंहांची पिल्लं असू शकतात. तेव्हा प्रत्येक सिंह आपल्या जनुकांतून पिल्लाला टाच मारून ठेवतो. वाढ, शेजारच्यापेक्षा मोठा हो. सिंहीण बिचारी आपल्या जनुकांतून लगाम खेचते, नाहीतर तिचं पोट फाटेल. टाच आणि लगाम बरोबरीला येतात आणि पिल्लू माफक राहतं."

"आणि वाघीण?"

"वाघिणीच्या वेताला सहसा एकच बाप. टाच हलकी, म्हणून लगामही हलका. आता सिंहाची टाच आणि वाघिणीचा लगाम एकत्र करा."

"घोडा सुटला."

"सुटला," अलोणे म्हणाले. "वाढतच राहतो. पण सुटलेला घोडा दुःखी असतो असं कोणी सांगितलं? तुमचं यंत्र तर तसं म्हणत नाही."

कुंपणापाशी पन्नाशीची एक बाई बादलीवर बसली होती. हिरवा गणवेश, कपाळावर गोंदण. सुरजाबाई मडावी, मुख्य रखवालदार. या नऊपैकी सहा जनावरं तिने बाटलीने दूध पाजून वाढवली होती.

"हा ढब्बू," तिने ओळख करून दिली. "सगळ्यात लहान. या ढब्बूशेठ, मॅडम आल्या पाह्यले."

ढब्बू आला. चौदा महिन्यांचा, दोनशे चाळीस किलो. त्या वयाच्या सिंहाच्या दुपटीहून जास्त. वाळूच्या रंगाच्या अंगावर पुसट पट्टे, कोणीतरी काढून खोडल्यासारखे. नऊ-दहा पावलं टाकली आणि बसला. पुन्हा उठला, पुन्हा नऊ-दहा पावलं, पुन्हा बसला. कुंपणाशी पोचेपर्यंत तीनदा बसला. मग घशातून एक आवाज काढला. तो सिंहाच्या हुंकारासारखा सुरू झाला आणि मध्येच वाघाच्या नाकातल्या फुरफुरीत विरला.

"असा का बसतो हा?"

"सवय त्याची. लहानपणापासून. लय नाही पळत, लय नाही खेळत. पण गुनी लेकरू. कधी कण्हला नाही मॅडम, एक दिवस नाही."

"आई कुठे आहे त्याची?"

सुरजाबाईने पलीकडच्या आवाराकडे हनुवटी केली. "तिनं चार दिवस पाजलं. मंग सोडून देल्लं. वाघाचं पिल्लू नाकानं फुर्र करते न, तवा तिले समजते, आपलं हाय. हा ओरडे सिंहावानी. ती पाहे, वास घे, अन् जाय दूर. तिले समजेच ना त्याची बोली." तिने मांडीवर हात फिरवला. "मंग माह्याच मांडीवर होता दोन महिने. मांडी बधिर होऊन जाय."

शाल्मलीचं लक्ष रिकाम्या खाद्यपात्राकडे गेलं. पात्र धुऊन पालथं घातलेलं होतं. बाकीच्या आवारांतही तसंच.

"यांना आज खायला दिलं नाही?"

"सोमवार न जी. सोमवारी उपास."

शाल्मलीने अलोण्यांकडे असं बघितलं की ते घाईने म्हणाले, "सगळीकडेच पाळतात. जंगलात कुठे रोज शिकार मिळते? आठवड्यातून एक दिवस मांसाहारी जनावराचं पोट रिकामं ठेवायचं. तुम्ही यंत्रांतल्या, म्हणून माहीत नसेल."

"अठरा अठरा किलो मटण खातेत एकेक," सुरजाबाई म्हणाली. "एक दिवस महादेवाच्या नावानं राह्यले तर काही मरत नाहीत. मीही राहतो न."

शाल्मलीने वहीत लिहिलं: सोमवार, उपास. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. त्या दिवशी तिने जे जे लिहिलं त्या प्रत्येकापुढे प्रश्नचिन्हच होतं.

दुपारभर तिने फसवणूक कुठे लपली असेल ते शोधलं. एखाद्या धट्ट्याकट्ट्या वाघाच्या कानामागे सिंघ्राचा दाणा बसवून टाकता येतो. तिने नऊच्या नऊ क्रमांक स्वतः वाचून ताडून बघितले. जनावरांना गुपचूप वेदनाशामक देता येतं. तिने रक्त काढून घेतलं, सोबत आणलेल्या पेटीत तपासलं. काही नाही. पाणीसुद्धा तपासलं. नुसतं पाणी होतं.

चार वाजता घरून दृक्‌फोन आला. साडेतीन वर्षांची जाई बाबाच्या खांद्यावर चढून पडद्यात डोकावत होती.

"आई, तुझा वाघ चावतो?"

"नाही गं. बसून राहतो."

"त्याला कंटाळा आला?"

"तेच बघतेय."

"त्याला विचार ना," जाई म्हणाली आणि फोन सोडून निघून गेली.

मंगळवारी सकाळी आठला शाल्मली पुन्हा भिंतीसमोर होती. या वेळी तिने दिवे बाजूला सारले आणि दहा-दहा मिनिटांचे आकडे पडद्यावर उलगडले. ढब्बूची रांग वाचता वाचता तिचं बोट थांबलं.

सोमवारी दुपारी शून्य पूर्णांक तीन, सात, दोन, पाच. तसेच यायला हवेत. जिवंत शरीर कधी स्थिर नसतं; झोपलेल्या बाळाचाही आकडा पाण्यावरच्या पानासारखा हलतो. पण आज पहाटे सहापासून ढब्बूच्या पुढे एकच मजकूर होता. शून्य. शून्य. शून्य. दशांशानंतरही शून्य. ती दुसऱ्या जनावराकडे गेली. शून्य. नऊही जनावरं तशीच. गेल्या मंगळवारीही, पहाटे सहा ते सकाळी अकरा. त्याच्या आधीच्याही. वर्षभरातला एकही मंगळवार सुटलेला नव्हता.

असा शून्य निसर्ग देत नाही. असा शून्य माणूस लिहितो.

ती अलोण्यांच्या खोलीत गेली तेव्हा ते पोहे खात होते. तिने छापलेला कागद ताटलीशेजारी ठेवला.

"मंगळवारी सकाळी तुम्ही काय लपवता, सर?"

त्यांनी कागद वाचला. चमचा खाली ठेवला. "हे काय आहे?"

"नोंद पुसून त्या जागी शून्य भरलंय. दर आठवड्याला. पाच तास."

"मी?"

"कोणीतरी."

"मॅडम, नोंदींच्या पेटीला मोहोर तुमच्या मंडळाची. किल्ली तुमच्याकडे. कार्यप्रणाली तुमची. मला त्यात साधं घड्याळ लावता येत नाही." त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुम्ही आलात तेव्हापासून माझ्याकडे अशा बघताय जसं काही मी रात्रीत वाघांना रंग देतो. शोधा. मीही येतो. मलाही कळू दे माझ्या उद्यानात चोर कोण आहे."

त्यांचा राग खरा वाटला. पण चोराचाही राग खरा असू शकतो, असं मनाशी म्हणत तिने निरीक्षण कक्षात परत येऊन पेटीची मोहोर तोडली आणि आपल्या किल्लीने कच्ची स्मृती उघडली. दाण्याने पाठवलेला मूळ आकडा तिथे जसाच्या तसा साठायचा. त्यावर प्रक्रिया होऊन तो पडद्यावर यायचा. मधे कोणी हात घातला असेल तर तो हात इथे दिसणार होता.

दिसला. प्रक्रियेच्या तेराव्या पायरीवर एक ओळ होती. आकडा शून्याहून कमी आला, तर शून्य लिहावा.

ओळीच्या शेवटी लिहिणाऱ्याची खूण आणि तारीख होती. शा. घा. तारीख साडेतीन वर्षांपूर्वीची. जाई तेव्हा एकोणीस दिवसांची होती.

शाल्मलीला तो दिवस आठवला, कारण तसे दिवस विसरता येत नाहीत. जाईचं पोट दुखायचं. पायांचं मुटकुळं करून ती तासन्‌तास रडायची, आणि डॉक्टर म्हणायचे, होतं असं, तीन महिन्यांत थांबेल. त्या सकाळी ती एकदाची थांबली होती. खांद्यावर कोमट, ओलसर, जड. एका हाताने तिला धरून शाल्मली दुसऱ्या हाताच्या एका बोटाने काम संपवत होती. यंत्राला शून्य कुठे धरायचा एवढंच उरलं होतं. प्रत्येक जनावराचे संदेश वेगळे, म्हणून प्रत्येकाचा शून्य त्याच्यापासूनच घ्यायला हवा. कधीचा घ्यायचा? तिने मान वळवून खांद्यावरच्या त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघितलं आणि लिहिलं: जन्मानंतरचे पहिले तीस दिवस, त्यांची सरासरी. आईच्या कुशीत असताना काय दुखणार? आणि याच्याहून कमी तर काही असूच शकत नाही. शून्याखाली आकडा आला तर तो यंत्राचा दोष. तो शून्य करून टाकावा.

परीक्षक मंडळात सात जण होते. सातही जणांना ते गोड आणि बरोबर वाटलं होतं.

"काय झालं?" अलोण्यांनी विचारलं.

तिने ती ओळ निष्क्रिय केली. मंगळवारच्या शून्यांची रांग हलली आणि त्या जागी खरे आकडे आले. उणे पाच. उणे सहा. उणे सहा पूर्णांक चार.

"शून्याच्या खाली काय असतं, मॅडम?" अलोणे हळू म्हणाले.

"सोमवारी उपास. मंगळवारी सकाळी पोट रिकामं. अठरा किलो मांसाचं ओझं नाही." ती बोलता बोलता स्वतःलाच ऐकत होती. "थोडं हलकं वाटत असेल."

"म्हणजे चांगलंच आहे की. शून्याहूनही बरं."

"शून्याहून बरं काही नसतं, सर. जर शून्य खरा असेल तर."

बुधवारी तिने प्रयोग केला. शंका होती ती ढब्बूवर तपासायची, पण आधी तुलनेसाठी खंडू, म्हणजे इथला बाप सिंह. जातिवंत, निरोगी; दाणा मोठेपणी बसवलेला, म्हणून शून्यही तेव्हाच्या तीस दिवसांतून घेतलेला. त्याच्या मांसात वजनाच्या हिशेबाने वेदनाशामकाची एक मात्रा दिली. दोन तासांनी त्याचा कच्चा आकडा उणे दोनवर आला आणि तिथेच राहिला. ज्याचं काही दुखत नाही त्याला औषध देऊन फारसं काही मिळत नाही.

मग ढब्बू.

अलोणे, ती आणि सुरजाबाई, तिघंही कुंपणापाशी उभे राहिले. शाल्मलीच्या हातातल्या पाटीवर आकडे येत होते. उणे चार. उणे अकरा. उणे तेवीस. ती मोठ्याने वाचत होती.

ढब्बू उठला. नऊ पावलं चालला. सुरजाबाई सवयीने म्हणाली, "बसते आता."

तो बसला नाही. तो आवाराच्या टोकापर्यंत चालत गेला, तिथून वळून परत आला. मधोमध सागाचा एक ओंडका पुरला होता, जनावरांना नखं घासायला. तो कोरा होता. तीन वर्षांत त्याच्यावर एकही ओरखडा नव्हता. ढब्बूने मागच्या पायांवर उभं राहून दोन्ही पंजे वर टेकवले, पाठ ताणली, आणि साल फाडत खाली आणली. मग जमिनीवर लोळला, पोट उघडं टाकून, एवढं मोठं जनावर, मांजराच्या पिल्लासारखं.

"बाप्पा," सुरजाबाई म्हणाली. "याले तं खेळता येते."

पाटीवर उणे एकेचाळीस होतं.

"नशा झालीय त्याला," अलोणे म्हणाले.

"खंडूला का नाही झाली? तीच मात्रा, वजनाच्या हिशेबाने."

अलोणे पाटीवरचा आकडा पुन्हा वाचू लागले.

"याचा शून्य आपण त्याच्या पहिल्या तीस दिवसांतून घेतला," शाल्मली म्हणाली. "आणि तुमचा सुटलेला घोडा पहिल्या दिवसापासून सुटलाय. हाडं सांध्यांच्या पुढे पळतायत, कातडी हाडांच्या मागे. पहिल्या दिवसापासून दुखतंय, सर. यंत्राने त्या दुखण्यालाच शून्य म्हटलं. त्यानंतर ते तेवढंच राहिलं, म्हणून आकडा हललाच नाही. जे जनावर जन्मतः धडधाकट असतं त्याला काटा टोचला तरी माझा दिवा सांगतो. ज्याचं जन्मापासून दुखतं त्याच्याबद्दल तो कधीच काही बोलत नाही."

"पण त्याला स्वतःला ठाऊक नसेल तर ते दुःख कसं? त्याने दुसरं काही बघितलंच नाही."

"ठाऊक नव्हतं तर दर नऊ पावलांना बसत का होता?"

सुरजाबाई दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "काय म्हणता तुमी? याचं दुखते? माह्या मांडीवर होता तवापासून?"

शाल्मलीला तिच्याकडे बघून हो म्हणता आलं नाही. तिने नुसती होकारार्थी मान हलवली.

"अन् मंग रडला काहून नाही?"

"रडण्याआधी कधीतरी बरं वाटावं लागतं, मावशी."

गुरुवारी सकाळी औषध उतरलं. पुन्हा देता येत नव्हतं. मांजरकुळातल्या जनावरांची मूत्रपिंडं त्या औषधाला फार दिवस टिकत नाहीत. पाटीवरचा आकडा हळूहळू वर चढला आणि रोजच्या जागी येऊन थांबला. शून्य पूर्णांक तीन. शून्य पूर्णांक पाच. चौदा महिने होता तोच आकडा.

ढब्बू ओंडक्याजवळ पडला होता आणि कण्हत होता.

त्याच्या घशातून तो आवाज पहिल्यांदाच येत होता. अर्धा सिंहाचा, अर्धा वाघाचा, पण आता त्याचा अर्थ कळायला कोणतीच बोली यावी लागत नव्हती. पलीकडच्या आवारातली वाघीण उठून जाळीपाशी आली होती आणि कान टवकारून उभी होती.

निरीक्षण कक्षात अलोणे खुर्चीत खाली सरकून बसले होते. "काल सकाळपर्यंत तो सुखात होता. हे तुम्ही केलंत."

"हो," शाल्मली म्हणाली. "कण्हणं मी दिलं. दुखणं त्याचं होतं."

"ऐका माझं. कायदा म्हणतो, वेदनांक यंत्र दाखवेल तो. यंत्र आत्ता काय दाखवतंय? शून्य पूर्णांक पाच. तुम्ही एकही खोटा शब्द न लिहिता सही करू शकता." ते पुढे झुकले. "आणि नाही केलीत, तर फक्त सोनझरी बुडणार नाही. तुमच्या सहीने दिलेली तीनशे प्रमाणपत्रं बुडतील. तुमचं यंत्र बुडेल. मी धमकी देत नाही, हिशेब सांगतोय."

"मला तो हिशेब मंगळवारी पोह्यांच्या ताटलीजवळच समजला, सर."

ती पेटीपुढे बसली. दुरुस्ती लहान होती, दोनच ओळींची. तेरावी पायरी काढून टाकायची. आणि शून्य पहिल्या तीस दिवसांतून न घेता जनावराच्या आयुष्यात जो सगळ्यात खालचा आकडा येऊन गेला असेल, तिथे धरायचा. बेशुद्धीतले तास सोडून. बाकीच्या आठ सिंघ्रांना कधी ना कधी वेदनाशामक मिळालं होतं. एकाला दाढेसाठी, एकाला मोडलेल्या नखासाठी. त्यांच्या कच्च्या स्मृतीत ते दिवस दबून पडलेले होते. तसे देशभरातल्या बहुतेक जनावरांचे असणार. तिने दोन ओळी लिहिल्या, वाचल्या, एकदा अलोण्यांना वाचायला दिल्या, आणि मंडळाच्या किल्लीने सगळीकडे पाठवल्या.

भिंतीवरचे नऊ दिवे क्षणभर विझले. मग पेटले, एकेक करून. ढब्बू एकेचाळीस. त्याच्या वरचा सेहेचाळीस. सगळ्यात थोरला, सात वर्षांचा, अठ्ठावन्न. लाल, लाल, लाल.

तिला ते अपेक्षित होतं. शेजारच्या भिंतीवरचा नकाशा तिला अपेक्षित नव्हता.

त्यावर देशातली दोन हजार जनावरं हिरव्या ठिपक्यांनी दाखवलेली असायची. बहुतेक ठिपके थोडे लुकलुकायचे. आज आकडा नऊ, उद्या बारा, कुठे पाय मुरगळला, कुठे मारामारी झाली. त्या उद्यानांना ती पत्रं पाठवायची, लक्ष द्या म्हणून. आणि काही ठिपके तीन वर्षं ढळले नव्हते. तिरळे पांढरे वाघ, ज्यांच्या सात पिढ्या भावाबहिणींतच वाढवल्या होत्या. आखूड नाकाची, घोरणारी बिबटी. व्याख्यानात ती ते ठिपके मोठे करून दाखवायची. बघा, आदर्श.

आता नकाशा लाल होत होता, आणि सुरुवात नेमकी त्या ठिपक्यांपासून झाली होती. लुकलुकणारे लुकलुकत राहिले, बहुतेक हिरवेच. जे कधी हलले नव्हते ते एकामागून एक पेटत गेले. तिने सगळ्यात आधी बक्षीस दिलेलं उद्यान सगळ्यात आधी लाल झालं.

अलोणे उठून नकाशाजवळ गेले. मग म्हणाले, "हे सगळे कधीपासून?"

"दाणा बसवल्यापासूनचं मी सांगू शकते. त्याच्या आधीचं त्यांना विचारता येत नाही."

तिने अहवालाचा कागद पुढे ओढला. परवानगी: नाकारली. त्याखाली एक रकाना होता: नोंदींत फेरफार आढळल्यास जबाबदार व्यक्तीचं नाव. तिने लेखणी टेकवली. अलोणे बघत होते.

"तिथे माझं नाव घालायला आला होतात."

"हो," ती म्हणाली आणि स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, हुद्द्यासकट.

फोन वाजू लागला. मग दुसरा. मग अलोण्यांचा. दारात सुरजाबाई उभी होती, चपला हातात, पाय गुडघ्यापर्यंत ओले.

"तो उठेना मॅडम. या न जी कोणी. तुमाले समजते त्याचं."

"मला काही समजत नाही, मावशी. पण येते."

जाता जाता शाल्मलीने पाटी उचलली. आवाराच्या कडेला खंदक होता, उन्हाळ्यात कोरडा ठेवायचा. सुरजाबाईने कोणाला न विचारताच त्याचा झडप-दरवाजा उघडला होता. तलावाचं पाणी आत येत होतं आणि माणसाच्या छातीपर्यंत चढलं होतं.

"पाण्यात माणसाचं वजन कमी लागते," ती म्हणाली. "माह्या सासूचे पाय सुजत, तवा ती नदीत जाऊन बसे. म्हटलं याले घेऊन पाहू."

जाळीच्या अलीकडून ती मांसाचा तुकडा हलवत, बोलत, लाडीगोडी लावत राहिली. "चाल रे बाप्पा. चाल माह्या राजा." ढब्बू उठला. पाच पावलं. बसला. कण्हला. पुन्हा चार पावलं. उताराच्या तोंडाशी थांबून त्याने पाण्याचा वास घेतला, आणि मग ते प्रचंड धूड घेऊन हळूहळू आत उतरला. पोट बुडालं. छाती बुडाली. मागचे पाय तळावरून सुटले.

अलोणेही आले होते. त्यांचा फोन खिशात वाजत होता, ते घेत नव्हते.

शाल्मलीने पाटीकडे बघितलं. कालच्या यंत्राने इथे शून्यच दाखवला असता, आत्ताही आणि मघाशीही, आणि ही बाई उगाच चिखल करतेय असं सगळ्यांना वाटलं असतं.

"किती झालं?" सुरजाबाईने विचारलं.

"सदतीस."

"मघाशी?"

"एकेचाळीस."

सुरजाबाईने खंदकाच्या कडेवरची खूण बघितली. पाणी अजून निम्म्यावरही नव्हतं. "आनखी सोडू?"

"चौतीस," शाल्मली म्हणाली. "सोडा, मावशी."

अलोण्यांनी बाह्या वर केल्या आणि झडपेचं चाक फिरवायला ते खाली उतरले.